आंडरमाट : तीन खिंडींच्या तोंडचे गाव

स्वित्झर्लंडच्या मध्यभागी, उरी या कँटनच्या दक्षिण टोकाला, उर्सेर्न नावाची एक दरी आहे. चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली, जेमतेम दहा-बारा किलोमीटर लांबीची ही दरी पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. तिच्या पूर्व टोकाशी आंडरमाट, मध्ये होस्पेंटाल आणि पश्चिमेला रेआल्प अशी तीन गावे आहेत. तिन्हींत मोठे आंडरमाट. त्याचीही वस्ती दीड हजाराच्या आसपासच. गावाची उंची १,४३७ मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटइतकी. पण अक्षांश साडेशेहेचाळीस असल्यामुळे इथे वर्षातले निम्मे महिने जमिनीवर बर्फ असतो.

एवढ्याशा गावाला युरोपच्या इतिहासात जागा मिळाली ती त्याच्या नकाशावरच्या स्थानामुळे. गावातून तीन खिंडींचे रस्ते निघतात. दक्षिणेची गॉटहार्ड खिंड (२,१०६ मीटर) इटालियन भाषक टिचिनोत आणि पुढे मिलानकडे उतरते. पश्चिमेची फुर्का (२,४२९ मीटर) रोन नदीच्या खोऱ्यात जाते आणि पूर्वेची ओबरआल्प (२,०४४ मीटर) ऱ्हाइनच्या उगमाकडे. उत्तरेला मात्र खिंड नाही. तिथे रॉइस नदीने कातळ कापून काढलेली शोलेनेनची घळ आहे. आल्प्समधल्या बहुतेक दऱ्यांत खालून वर शिरणे सोपे आणि वरून पलीकडे जाणे अवघड असते. उर्सेर्नमध्ये नेमके उलटे होते. डोंगरमाथ्यावरच्या खिंडी चढता येत होत्या, पण दरीचे खालचे दार शतकानुशतके बंद होते.

याचे कारण जमिनीत आहे. दरीच्या उत्तरेला आर आणि दक्षिणेला गॉटहार्ड असे ग्रॅनाइट आणि नाइस या कठीण खडकांचे दोन प्रचंड पट्टे आहेत. त्यांच्या मध्ये चेपली गेलेली गाळाच्या, मऊ खडकांची एक अरुंद चिरफळी आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ती मऊ चिरफळी खरवडून खोल केली. बर्फ वितळल्यावर त्या खोलगटात सरोवर साचले आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरून निघाले. दरीचा तळ आज इतका सपाट दिसतो तो म्हणूनच. गॉटहार्ड, फुर्का आणि ओबरआल्प या तिन्ही बाजूंचे ओढे इथे एकत्र येऊन रॉइस होते. सपाटीवर ती संथ वळणे घेत वाहते. उत्तरेच्या ग्रॅनाइटशी पोहोचताच तिचा स्वभाव पालटतो. आंडरमाटपासून खालच्या गोशेनेन गावापर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत ती तीनशे मीटरहून अधिक खाली कोसळते.

याच डोंगररांगेच्या आसपास युरोपच्या चार दिशांचे पाणी फुटते. रॉइस आणि ऱ्हाइन उत्तर समुद्राला मिळतात, फुर्कापलीकडची रोन भूमध्य समुद्राला, आणि गॉटहार्डपलीकडची टिचिनो नदी पो नदीतून एड्रियाटिकला. जुन्या भूगोलकारांना गॉटहार्ड हा आल्प्सचा सर्वांत उंच भाग असावा असे वाटत होते. तो तसा मुळीच नाही. त्याची शिखरे तीन हजार मीटरच्या आसपासच थांबतात. पण इतक्या नद्या जिथून निघतात ती जागा सर्वांत उंच असणारच, हा त्यांचा तर्क त्या काळच्या मानाने वावगा म्हणता येणार नाही.

दरीचे खालचे दार बंद असल्यामुळे पहिली वस्ती वरून, म्हणजे खिंडी ओलांडून आली. ओबरआल्पपलीकडच्या डिझेंटिस मठाची उर्सेर्नवर मालकी होती आणि तिकडचे रोमान्श भाषक पशुपालक इथली कुरणे वापरत. बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिमेकडून फुर्का ओलांडून जर्मन बोलणारे वाल्झर लोक आले. उंचावर घर बांधून बारमाही राहणे, उभ्या उतारावरचे गवत कापणे, पाण्याचे पाट कातळातून खोदून आणणे यांत या लोकांचा हातखंडा होता. ते इथे स्थिरावले आणि दरीची भाषा हळूहळू जर्मन झाली. घळीच्या तोंडाशी असलेले सेंट कोलंबानचे जुने चर्च आणि होस्पेंटालचा चौकोनी दगडी बुरूज या दोन वास्तू त्या मध्ययुगाची खूण म्हणून अजून उभ्या आहेत.

शोलेनेनची वाट खुली झाली ती १२२० ते १२३० च्या सुमारास. ती नेमकी कोणी केली हे कोणत्याही कागदात नोंदलेले नाही, पण कातळात लाकडी वाट बसवण्याचे वाल्झरांचे कसब पाहता श्रेय त्यांना देण्याकडे इतिहासकारांचा कल आहे. अडचणी दोन होत्या. एका जागी नदी दोन्ही कड्यांच्या मधून धबधब्यासारखी उसळत होती. तिथे पूल टाकावा लागला. त्याच्या थोडे वर एका उभ्या कड्याला नदी थेट घासून जात होती. तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. त्या कड्याच्या अंगाला लाकडी फळ्यांचा मार्ग बसवून तो साखळ्यांनी अडकवण्यात आला. खालून उडणाऱ्या तुषारांनी ओल्याचिंब झालेल्या त्या फळ्यांवरून लादलेली खेचरे जात. १२३० मध्ये गॉटहार्ड खिंडीतल्या प्रार्थनागृहाला हिल्डेसहाइमचा संत गॉटहार्ड याचे नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी, १२३१ मध्ये, उरीला सम्राटाच्या थेट आधिपत्याखाली घेणारी सनद मिळाली. या तारखा इतक्या जवळ पडतात हा योगायोग नसावा. जर्मनी आणि इटली यांना जोडणारी आखूड वाट जिच्या अंगणातून जाते ती दरी कोणाच्या हाती असावी, याची फिकीर आता राजांनाही करावी लागत होती.

घळीतल्या पुलाला सैतानाचा पूल म्हणतात. लोककथा अशी की, उरीच्या लोकांना पूल काही बांधता येईना, तेव्हा सैतानाने तो बांधून देण्याचे कबूल केले; मोबदला म्हणून पूल ओलांडणारा पहिला जीव त्याचा. लोकांनी पुलावरून बोकड हाकलला. फसलेल्या सैतानाने पूल फोडायला भलामोठा धोंडा उचलला, पण वाटेत भेटलेल्या एका म्हातारीने त्या धोंड्यावर क्रूस रेखला आणि त्याला तो तिथेच टाकून पळावे लागले. गोशेनेनजवळचा तो ‘सैतानाचा धोंडा’ सुमारे २२० टनांचा आहे. १९७७ मध्ये महामार्गाच्या आड आल्यावर तो फोडायचे ठरले होते. लोकांनी विरोध केला आणि मोठा खर्च करून तो १२७ मीटर बाजूला सरकवण्यात आला. सैतानाला जे जमले नाही ते रस्तेबांधणी खात्याने केले, असा विनोद त्यावर होणे साहजिकच होते. मूळचा लाकडी पूल काढून १५९५ मध्ये दगडी कमान बांधण्यात आली.

वाट झाली तसा दरीचा चरितार्थ बदलला. उंचीमुळे धान्य फारसे पिकत नव्हते. गुरे, चीज आणि वाहतूक यांवर घर चाले. उत्तरेकडून गुरे आणि चीज लोंबार्डीच्या बाजारात जाई. तिकडून वाइन, तांदूळ आणि धान्य येई. माल खेचरांच्या पाठीवर असे आणि ती हाकणाऱ्यांचे संघ होते. प्रत्येक दरीच्या संघाकडे वाटेचा आपापला टप्पा. टप्पा संपला की माल वखारीत उतरवायचा, पुढच्या दरीच्या लोकांनी तो आपल्या जनावरांवर लादायचा. ही पद्धत व्यापाऱ्याच्या डोक्याला ताप होती, कारण प्रत्येक ठिकाणी वेळ आणि पैसा मोडे. पण दरीतल्या घराघराला काम मिळे. ज्याला न उतरवता सरळ माल न्यायचा असेल त्याने जादा कर भरावा, अशी सोय होती. वाट दुरुस्त ठेवणे आणि हिवाळ्यात बर्फ फोडून ती मोकळी करणे ही जबाबदारीही संघांचीच. हिवाळ्यात बैल जुंपलेल्या घसरगाड्या बर्फातून पुढे काढत आणि मागून खेचरे नेत.

राजकीयदृष्ट्या दरी चलाखीने वागली. १३८२ मध्ये राजा वेन्झेलने तिला थेट साम्राज्याच्या अखत्यारीतली मोकळीक दिली आणि तिचा कारभारी दरीतूनच निवडला जाऊ लागला. १४१० मध्ये तिने उरीशी कायमचा करार केला. त्यात परराष्ट्राच्या बाबतीत उरीचे वर्चस्व मान्य केले, पण आपले न्यायालय, आपली सभा आणि मुख्य म्हणजे आपली कुरणे हातची सोडली नाहीत. उर्सेर्नच्या जमिनी उरीच्या सामाईक जमिनींत कधीच मिसळल्या नाहीत. आजही उरीत सामाईक मालकीच्या दोन वेगळ्या संस्था आहेत, एक उरीची आणि एक उर्सेर्नची.

सामाईक मालकी म्हणजे काय, हे गावामागच्या जंगलाकडे पाहिले की कळते. आंडरमाटच्या पाठीशी, गुर्शेन उतारावर, त्रिकोणी आकाराचे स्प्रूस वृक्षांचे एक लहान रान आहे. दरीतले बाकीचे उतार जवळजवळ उघडेबोडके आहेत. शतकानुशतके लाकूडतोड आणि चराई झाल्याने झाडे गेली. आता जिथे चराई थांबली आहे तिथे हिरव्या आल्डरची झुडपे पसरू लागली आहेत. एकटे गुर्शेनचे रान टिकले, कारण १३९७ मध्ये दरीच्या लोकांनी ते राखीव ठरवले. त्या ठरावानुसार झाड तोडणेच नव्हे, तर फांद्या, काटक्या, इतकेच काय, खाली पडलेले शंकूही उचलून नेण्यास मनाई होती. हा निर्बंध निसर्गप्रेमापोटी नव्हता. रानाच्या वर हिमलोट सुटतात आणि रानाच्या खाली गाव आहे, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. आल्प्समधल्या संरक्षक वनांच्या सर्वांत जुन्या लेखी नियमांपैकी हा एक. तरीही संरक्षण पुरे पडत नसे. २० जानेवारी १९५१ रोजी तासाभरात एकामागून एक अनेक हिमलोट गावावर कोसळले आणि १३ माणसे दगावली. त्यानंतर गुर्शेनच्या माथ्यावर हिमलोट रोखणारी बांधकामे उभारण्यात आली आणि नवी रोपेही लावण्यात आली.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला साखळ्यांनी अडकवलेली लाकडी वाट पुरात वाहून गेली. दुरुस्तीचा खर्च वर्षानुवर्षे करण्यापेक्षा कडाच फोडावा असे ठरले. टिचिनोचा बांधकामतज्ज्ञ पिएत्रो मोरेत्तीनी याने १७०७-०८ मध्ये सुरुंगाची दारू वापरून ६४ मीटर लांबीचे भुयार खणले. ‘उर्नेरलोख’ हे आल्प्समधले पहिले रस्त्याचे भुयार. लादलेले खेचर जाईल एवढीच त्याची उंची होती आणि खर्च टोलमधून वसूल होणार होता. प्रवाशांच्या लेखी त्याचे महत्त्व वेगळेच ठरले. गर्जणाऱ्या, काळोख्या घळीतून आत शिरायचे आणि दुसऱ्या तोंडाने एकदम हिरव्या, सपाट, शांत दरीत बाहेर पडायचे, या अनुभवाचे वर्णन अठराव्या शतकातल्या कितीतरी प्रवाशांनी केले आहे. जर्मन कवी गटे १७७५, १७७९ आणि १७९७ अशा तीन वेळा गॉटहार्डवर आला होता.

नंतरचे पाहुणे मात्र दरीला महागात पडले. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्वित्झर्लंड ताब्यात घेतला आणि खिंडींवरून फ्रेंच, ऑस्ट्रियन, रशियन सैन्ये येऊ-जाऊ लागली. २४ सप्टेंबर १७९९ रोजी रशियन सेनापती सुवॉरोव्ह सुमारे वीस हजारांची फौज घेऊन गॉटहार्ड उतरला. वय सत्तरीला टेकलेले. दुसऱ्या दिवशी शोलेनेनमध्ये फ्रेंचांशी गाठ पडली. फ्रेंचांनी उर्नेरलोखचे तोंड रोखून धरले होते आणि मागे हटताना पुलाजवळच्या छोट्या कमानीचा भाग पाडला होता. रशियन तुकड्या कडा चढून आणि थंडगार रॉइस ओलांडून फ्रेंचांच्या पाठीमागे पोहोचल्या. खिंडारावर घरांची लाकडे टाकून ती अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांनी बांधली, अशी आठवण सांगितली जाते. लढाई जिंकली, पण हेतू साधला नाही. ज्या मित्रसैन्याला जाऊन मिळायचे होते ते त्याच सुमारास झ्युरिकजवळ पराभूत झाले. पुढे एकामागून एक खिंडी ओलांडत, घटलेली फौज घेऊन सुवॉरोव्ह आल्प्समधून बाहेर पडला. पुलाशेजारी कातळात कोरलेला १२ मीटर उंचीचा क्रूस हे १८९८ मधले रशियन स्मारक. रशियन पर्यटक तिथे आवर्जून थांबतात. दरीतल्या लोकांना मात्र त्या वर्षांत गुरे, गवत, धान्य, घरांची लाकडे असे सगळे गमवावे लागले होते आणि सावरायला त्यांना दोन पिढ्या लागल्या.

सावरण्याला हातभार लावला तो गाडीरस्त्याने. १८२० ते १८३० च्या दरम्यान गॉटहार्डवर चाकांची वाहने जातील असा रस्ता झाला आणि १८३० मध्ये सैतानाचा दुसरा, अधिक रुंद पूल बांधून पूर्ण झाला. जुनी कमान शेजारी तशीच होती, ती १८८८ मध्ये कोसळली. टपालाच्या घोडागाड्या रोज धावू लागल्या, तबेले भरले, आणि १८७२ मध्ये आंडरमाटला ‘बेलव्ह्यू’ हे भव्य हॉटेल उभे राहिले. चित्रकार रूडॉल्फ कोलर याने १८७३ मध्ये काढलेले गॉटहार्डच्या टपालगाडीचे चित्र स्वित्झर्लंडमध्ये घराघरांत माहीत आहे. गंमत अशी की ते चित्र रंगवले जात असतानाच त्या गाडीचा शेवट जमिनीखाली खणला जात होता.

१८७२ मध्ये गोशेनेन आणि टिचिनोमधले आइरोलो यांच्यामध्ये १५ किलोमीटरच्या रेल्वे बोगद्याचे काम सुरू झाले. ठेकेदार लुई फाव्र याने आठ वर्षांत काम पुरे करण्याचा करार केला आणि त्या अटीखाली तो पिचून गेला. १८७९ मध्ये बोगद्यातच हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. मजूर बहुतेक इटालियन होते. १८७५ मध्ये गोशेनेनला त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चौघे मेले. अपघातांत आणखी पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. आतड्यातल्या कृमींनी होणाऱ्या पांडुरोगाने किती खंगले याचा हिशेब वेगळाच. बोगदा थेट आंडरमाटच्या खालून, सुमारे तीनशे मीटर खोलीवरून जातो. नेमक्या त्याच टप्प्यात खणणाऱ्यांना दरीच्या मऊ खडकाची चिरफळी भेटली. तिथली माती फुगून दगडी अस्तर चिरडत होती आणि ते पुन्हा पुन्हा बांधावे लागले.

१ जून १८८२ रोजी रेल्वे सुरू झाली. हजारो प्रवासी आता आंडरमाटच्या पायाखालून जाऊ लागले आणि वरची वाहतूक जवळजवळ एका हंगामात संपली. सहा शतके वाटेवर जगलेल्या गावाला अचानक वाटच उरली नाही.

पोकळी भरून काढली ती लष्कराने. बोगदा झाल्यावर तो शत्रूच्या हाती पडू नये याची चिंता स्विस सरकारला लागली आणि १८८५ पासून गॉटहार्डभोवती किल्ल्यांचे काम सुरू झाले. आंडरमाटच्या भोवती कातळात तोफखाने, कोठारे, बराकी खोदल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात, चारही बाजूंनी अक्षराष्ट्रांनी वेढले गेल्यावर, स्विस सैन्याने सपाटीऐवजी आल्प्समध्ये आश्रय घेऊन लढण्याचे धोरण स्वीकारले. त्यात गॉटहार्ड हे मुख्य ठाणे होते. शंभर वर्षे गावाची दुकाने, खानावळी, नोकऱ्या यांना लष्कराचा आधार होता. डोंगरात सैन्य राहिल्याने स्कीइंगही लवकर रुजले. १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये डाउनहिल शर्यत जिंकणारा बेर्नहार्ड रूसी हा आंडरमाटचाच.

रेल्वेही शेवटी वर पोहोचली. १९१७ मध्ये गोशेनेनहून शोलेनेन घळीतून दातेरी रुळांची गाडी सुरू झाली. तिचा चढ जागोजागी हजार मीटरला १७९ मीटर इतका तीव्र आहे. १९२६ मध्ये फुर्का आणि ओबरआल्प या दोन्ही बाजूंना लोहमार्ग जोडला गेला. आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत झळकणारी ‘ग्लेशियर एक्स्प्रेस’ १९३० पासून आंडरमाटवरून धावते. फुर्काच्या चढावर स्टेफेनबाख ओढ्यावर एक पूल आहे. हिमलोट तो वाहून नेतात म्हणून दर शरद ऋतूत तो तीन तुकड्यांत घडी करून बाजूला ठेवतात आणि उन्हाळ्याआधी पुन्हा जोडतात. १९८२ मध्ये खालून फुर्काचा १५ किलोमीटरचा बोगदा झाल्यावर वरचा मार्ग बंद पडला, तो स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केला. त्यासाठी त्यांनी एके काळी व्हिएतनामला विकलेली वाफेची इंजिने १९९० मध्ये परत आणली.

विसाव्या शतकात गावावर सर्वांत मोठे संकट आले ते धरणाचे. वीज कंपन्यांनी उर्नेरलोखजवळ बांध घालून सगळी उर्सेर्न दरी पाण्याखाली घेण्याची योजना आखली. भूगर्भीयदृष्ट्या जागा उत्तमच होती: अरुंद, कठीण दार आणि मागे सपाट खोलगट. तीन गावे आणि सुमारे दोन हजार माणसे हलवावी लागणार होती. जमिनी सामाईक असल्याने एकेकाला गाठून खरेदी करणे कंपन्यांना जमेना. १९४६ च्या फेब्रुवारीत योजनेचा एक अभियंता आंडरमाटला आला, तेव्हा जमावाने त्याला मारहाण करून गावाबाहेर हाकलले. योजना बारगळली. त्याऐवजी शेजारच्या गोशेनेन खोऱ्यात, वरच्या कुरणावर, १९६० च्या सुमारास धरण पूर्ण झाले. तिथली लहानशी वस्ती मात्र बुडाली.

१९८० मध्ये गॉटहार्डचा १७ किलोमीटरचा मोटाररस्त्याचा बोगदा खुला झाला आणि उन्हाळ्यातल्या मोटारींचीही रांग गावाला टाळून जाऊ लागली. शीतयुद्ध संपल्यावर लष्करानेही काढता पाय घेतला. शाळांत पोरे कमी, रिकाम्या बराकी, बाहेर जाणारे तरुण अशी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची अवस्था होती.

२००५ मध्ये इजिप्तचे उद्योजक सामिह साविरिस यांनी दरी पाहिली आणि लष्कराच्या मोकळ्या होणाऱ्या मैदानावर पर्यटनगाव बसवण्याचा प्रस्ताव मांडला. परदेशी व्यक्तींना घरे विकण्यावर स्विस कायद्याची कडक बंधने आहेत. केंद्र सरकारने या प्रकल्पाला त्यातून सूट दिली. २००७ मध्ये आंडरमाटच्या मतदारांनी ९६ टक्के मतांनी आराखडा मंजूर केला. ज्या गावाने अभियंत्याला हाकलले त्यानेच परदेशी भांडवलाला इतक्या एकमुखाने होकार द्यावा, यात वरवर विसंगती दिसते. पण धरण गाव बुडवणार होते आणि हा प्रकल्प रिकाम्या जागेवर रोजगार आणणार होता. डिसेंबर २०१३ मध्ये ‘द चेडी’ हे आलिशान हॉटेल उघडले, २०१८ मध्ये ओबरआल्पपलीकडच्या सेडरुनच्या स्की-उतारांशी दोरमार्ग जोडले गेले, २०१९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या कार्यक्रमाने संगीत सभागृह सुरू झाले. २०२२ मध्ये स्की-क्षेत्राचा मोठा वाटा अमेरिकन कंपनी ‘व्हेल रिसॉर्ट्स’ने घेतला. घरांच्या किमती चढल्या आणि स्थानिकांना भाड्याने घर मिळणे अवघड झाले, ही तक्रारही सोबत आलीच.

१ जून २०१६ रोजी ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड तळबोगद्याचे उद्घाटन झाले. झ्युरिक-मिलान गाड्या आता जुन्या बोगद्याहूनही खालच्या पातळीवरून जातात. उत्तरेकडून रेल्वेने आंडरमाटला यायचे तर जुन्या मार्गाच्या गाडीने गोशेनेनला उतरून दातेरी गाडीने वर यावे लागते. दरीची सामाईक संस्था टिकून आहे. तिच्या सभासद घराण्यांची सभा आजही भरते, आणि उन्हाळी कुरणांवर कोणी किती गुरे न्यायची, रानातले लाकूड कोणाला द्यायचे, स्की-उतारांसाठी जमीन कोणत्या अटींवर भाड्याने द्यायची हे तिथे ठरते.